मोहऱ्यांची उशी

परवा जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागलेले दिसले आणि मी रिकामी पिशवी धरून तशीच उभी राहिले. आपल्या पावट्याचीच ही बहीण. पण बेंगळुरात थंडी पडून सकाळचं धुकं उतरू लागल्याशिवाय हिच्या शेंगेत खरा वास भरत नाही. सालीवर तेलाचा पातळ, चिकट थर असतो. सोलायला बसलं की तो बोटांना लागतो आणि साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. कन्नडमध्ये या वासाला सोगडु म्हणतात. आमच्या घरी हा शब्द मराठीच असल्यासारखा वापरत, कारण दुसरा कुणाला सुचलाच नाही.

"येष्टु कोडली, अज्जी?" भाजीवालीने विचारलं. किती देऊ. मी म्हटलं, स्वल्प पुरे. एकट्या म्हातारीला कितीशा लागणार?

घरी येऊन खिडकीशी सोलायला बसले. बोटांना वास लागला आणि त्या वासामागोमाग तो हिवाळा आला. दरवर्षी येतो. बाकी कितीतरी हिवाळे एकमेकांत मिसळून गेले, कुठला कधीचा ते आता सांगता येत नाही. हा मात्र वेगळा राहिला आहे, धुक्यासकट, उन्हासकट.

राजाजीनगर तेव्हा नवं होतं. एकोणीसशे साठ नुकतंच सरलं होतं. रुंद रस्ते आखलेले होते, पण त्यांवरून जायला माणसं नव्हती. घरांच्या ओळी मध्येच संपत आणि पुढे रागीची शेतं लागत. पहाटे मागडीकडून अवरेकाईच्या गाड्या येत. धुक्यात बैल दिसत नसत, नुसत्या घंटा ऐकू येत, आणि गाडी पुढे निघून गेल्यावरही रस्त्यावर तो वास रेंगाळत राही.

आम्ही शिंपी. मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलो, एवढं घरात सांगत. कुठल्या गावाहून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे वडील, अण्णा, चिक्कपेठेतल्या एका दुकानात कापड बेतायचं काम करत. पेठेतल्या बोळातून त्यांनी आम्हाला या उघड्यावरच्या घरात आणलं तेव्हा आई बरेच दिवस कुरकुरत होती, की इथे वारा फार आणि माणूस कमी. घरात आम्ही चौघं. अण्णा, आई, माझ्याहून बरीच मोठी बहीण सुमित्रा, आणि मी. सुमित्राला मी अक्का म्हणायची. मला सगळे पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी.

अक्का सुयांच्या उशा करायची. पिनकुशन हा शब्द अण्णांच्या दुकानात ऐकला होता, पण घरात सुयांची उशीच. उरल्यासुरल्या चिंध्यांतून ती काय काय करी. मधून दोरा ओढून फाका पाडलेला लाल भोपळा. जांभळ्या सॅटिनचं वांगं, त्याला हिरवा देठ. अण्णांच्या मनगटावर बांधायची काळ्या मखमलीची गोल उशी तिने शाळेत असताना केली होती. तिची मखमल घासून पांढुरकी झाली तरी अण्णा दुकानातली नवी घेत नसत. तोंडात टाचण्या धरून ते गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बेतत आणि मोकळी झालेली टाचणी न बघता मनगटावर रोवत. हात बरोबर तिथेच जायचा.

शिवणाऱ्या बाईचा जीव या एवढ्याशा वस्तूत का अडकतो, ते न शिवणाऱ्याला कळणं कठीण आहे. मशीन नवऱ्याने किंवा बापाने आणलेलं असतं. कापड कुणाचं तरी असतं. दिवसभर मान मोडून शिवलेला कपडा शेवटी दुसऱ्याच्याच अंगावर घराबाहेर पडतो. उशी तेवढी तिची. तिच्यात कुठली सुई कुठे आहे ते तिलाच माहीत असतं. काजांची या बाजूला, टीप घालायची मधोमध, नेढं मोठं असलेली कडेला. घाईत दोरा ओवून ठेवलेली सुई दुसऱ्या दिवशी तशीच वाट बघत असते. आणि सुई रोवतानाचं ते सुख. कापडाने किंचित अडवावं आणि मग आत घ्यावं. मला वाटतं, कामातून उठताना बाई सुई उशीत खुपसते तेव्हा दिवसभराचं काहीतरी तिथेच ठेवून उठते.

अक्काला भरणीचं वेड होतं. भुसा भरला तर उशी हलकी होते आणि पावसाळ्यात ओल धरते, असं तिचं म्हणणं. काथ्याने सुईचं टोक जातं. ती विंचरताना निघालेले केस साठवायची, माझे, आईचे, स्वतःचे. केसांना खोबरेल लागलेलं असतं, त्यात सुई गंजत नाही. खाली वजनासाठी काहीतरी जड, वर केस, आणि अगदी वर सावरीच्या कापसाचा पातळ थर. बाहेरून हात फिरवला तर काय भरलंय ते कळत नसे. गल्लीतल्या बायका मागून मागून न्यायच्या. शेजारच्या ललितम्माने तर वांगं नेऊन खिडकीतल्या मशीनवर असं ठेवलं होतं, की रस्त्याने जाणाऱ्याला दिसावं. ललितम्मा कन्नड, आमच्यापेक्षा उंच, मोठ्याने बोलणारी. अक्काची आणि तिची दोस्ती सुयांवरूनच झाली.

अक्काचं लग्न हुबळीला झालं. दाजी रेल्वेत कारकून होते. अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत आणि दोन्हींत लाजत. लग्नानंतर पुढच्या दिवाळीला अक्का पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासरी सातव्या महिन्यात ओटी भरली होती, तिचा हिरवा खण तिने बरोबर आणला होता. काठाला पिवळ्या धाग्याचं बारीक काम. मुलगी झाली तर तिला याचं परकर-पोलकं शिवीन, असं ती म्हणायची. तोवर तो ट्रंकेत.

ते दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. शाळेतून आले की मागच्या अंगणात उन्हाचा एक पट्टा पडलेला असे आणि त्यात चटई टाकून अक्का बसलेली असे. एका बाजूला आई शेंगा सोलते आहे, दुसऱ्या बाजूला अक्का शिवते आहे. जुन्या मऊ लुगड्यांची झबली, टोपडी, दुपटी. अक्काचे टाके इतके बारीक की उलटून बघावं लागे. बाळाच्या अंगाला शिवण लागू नये म्हणून ती झबल्यांची शिवण बाहेरच्या अंगाने घेई. टाका संपला की दोरा दातांनी तोडायची, आई रागवायची, अक्का हसायची आणि पुढचाही दातांनीच तोडायची.

मग तिने मोहऱ्यांची उशी केली. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहऱ्या भरलेली उशी ठेवतात. डोकं जसं फिरेल तशा मोहऱ्या सरकतात आणि डोकं गोल होतं. आईने मोहऱ्या निवडल्या, धुतल्या, सुपात घालून उन्हात वाळवल्या. अक्काने पांढऱ्या मलमलीची पिशवी शिवली, मोहऱ्या भरल्या, आणि भरून झाल्यावर स्वतःच्या गालाखाली धरून पाहिली. मलाही दे म्हटलं तर दिली. गार होती. कानाशी वाळू सरकल्यासारखा बारीक आवाज आला. "तिला हा आवाज ऐकून झोप लागेल," अक्का म्हणाली. मुलगीच होणार, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. ती उशी पुढे ती स्वतःच्या उशीखाली ठेवून झोपायची. म्हणायची, ऊब लागू दे.

संक्रांतीला बाळाला हलव्याचे दागिने घालायचे, बोरन्हाण करायचं, हेही ठरलं होतं. संक्रांतीआधी बाळ यायला हवं होतं आणि ते आलंही, संक्रांतीच्या थोडं आधी, एका सकाळी.

मला ललितम्माकडे पाठवलं होतं. त्यांच्या खिडकीतून आमचं घर दिसायचं. नर्सबाई आत गेलेली पाहिली. आई गरम पाण्याचं भांडं घेऊन दोनदा-तीनदा दारापर्यंत आलेली पाहिली. धुकं विरलं, ऊन वर आलं, आणि आमच्या घरातून जो आवाज यायची आम्ही दोघी वाट बघत होतो तो आला नाही. थोड्या वेळाने अण्णा बाहेर आले. धोतराच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी छातीशी धरलं होतं, दोन्ही हातांनी. एरवी ते चालताना खाकरत, शेजाऱ्याला हाक मारत. त्या दिवशी ते मान खाली घालून शेतांच्या बाजूने निघून गेले. बरोबर गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ फावडं घेऊन चालले होते.

मुलगी होती. श्वास घेतलाच नाही. नर्सबाईने जे करायचं ते सगळं केलं, असं आई पुढे सांगायची. कुणाचा दोष नव्हता.

अक्काला तिचं तोंड दाखवलं नाही. तशीच रीत होती. न पाहिलेलं लवकर विसरायला होतं, असं मोठ्या बायका म्हणत, आणि आईचा त्यावर विश्वास होता. अक्काला शुद्ध नीट यायच्या आत सगळं उरकलं होतं. झबली, टोपडी, दुपटी आईने त्याच दुपारी उचलून कुठेतरी नेऊन ठेवली. मी घरी आले तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने विचारलं, कशी होती? आईने पांघरूण सारखं करत सांगितलं, "विचारू नये, सुमी." अक्काने पुढचे काही दिवस तोच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला. कुणासारखी होती, केस होते का. आई दर वेळी उठून दुसऱ्या कामाला लागायची. अण्णांना विचारायची तर सोयच नव्हती. ते त्या दिवसापासून सकाळी लवकर दुकानात जात आणि दिवेलागणीला परत येत.

मग अक्काला दूध आलं. मला तेव्हा काही कळत नव्हतं. पातळाचा पदर सतत ओला का होतो, अक्का दातांवर दात दाबून का पडून राहते, हे कुणी सांगितलं नाही. आईने मला कोपऱ्यावरच्या फूलवालीकडून मल्लिगे आणायला पाठवलं. मल्लिगे म्हणजे मोगरा. थंडीत तो कमी येतो, शेवंती आणि कनकांबर म्हणजे अबोलीच जास्त. मी म्हटलं, मल्लिगेच पाहिजे, अक्कासाठी. फूलवाली ओळखीची होती. घरात काय विशेष, तिने हसून विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बाळंतिणीला म्हणून एक हातभर माळ जास्त मोजून दिली. मी ती पानात गुंडाळून घरी आणली. वाटलं, अक्का आज केसांत फुलं माळणार, म्हणजे बरी झाली. आईने दार लावून घेतलं आणि त्या कळ्या अक्काच्या छातीवर बांधल्या. त्याने दूध आटतं. दिवसभर त्या खोलीत मोगऱ्याचा वास कोंडून राहिला होता. अजूनही कुणाच्या लग्नात मोगऱ्याची वेणी पुढे आली की मी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते.

संक्रांतीच्या सुमाराला दाजी आले. तार मिळाल्यावर रजा मिळवून निघायला त्यांना वेळ लागला होता. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी कॉफी घेतली आणि पेला बराच वेळ हातात तसाच धरून ठेवला. मग अण्णांना हळूच म्हणाले, जागा दाखवाल का. दोघं शेतांच्या बाजूने गेले. परत आल्यावर दाजी आत गेले, अक्काजवळ बसले. तिने विचारलं, कुठे आहे? ते म्हणाले, हुणसेच्या, म्हणजे चिंचेच्या झाडाखाली आहे, सावली चांगली आहे. एवढंच. त्या घरात तिला मिळालेलं ते पहिलं उत्तर. दाजी रात्रीच्या गाडीने परत गेले. जाताना त्यांनी तिला सांगितलं की घाई करू नकोस, तुला वाटेल तेव्हा ये.

गल्लीत येळ्ळु-बेल्लाची ताटं फिरत होती. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. पोरी जरीचे परकर नेसून घरोघर जात. आमच्या दारावर येऊन त्या जरा थांबत आणि आई बाहेर येऊन ताट घेई, तोंडभर गोड बोलून त्यांना वाटेला लावी. मी त्या वर्षी कुठेच गेले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका दुपारी मी शाळेतून आले तर अक्का अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात. इतक्या दिवसांनी तिला तिथे पाहून मला आनंद झाला. जवळ गेले तर तिच्या पुढ्यात मोहऱ्यांची उशी होती आणि ती तिची शिवण उसवत होती. स्वतःच घातलेला एकेक बारीक टाका सुईच्या टोकाने उचलायची आणि कापायची. शिवायला लागला असेल त्याहून जास्त वेळ तिला उसवायला लागला. मोहऱ्या तिने ताटात ओतल्या. मग ट्रंकेतून आणलेला हिरवा खण मांडीवर पसरला, त्यावरून हात फिरवला आणि अण्णांची कातर घेऊन कापला.

ती सुयांच्या उशा करत होती. लहान लहान, मुठीत मावतील अशा. खाली मोहऱ्या, वर केस, वर सावरीचा कापूस. काठाचं पिवळं काम बरोबर मध्यावर येईल असं कापड तिने बेतलं होतं. एक करून झाली की तळहातावर घेऊन तोलायची आणि बाजूला ठेवायची. मला म्हणाली, सुई रोवून बघ. मी रोवली. आधी मऊ लागलं, मग खाली मोहऱ्यांनी वाट दिल्याचा बारीक कर्र आवाज आला. अशी उशी मी आजवर पाहिलेली नव्हती. जड होती, मशीनवरून घसरली नसती. तशी उशी अक्काने आधीही कधी केली नव्हती आणि पुढेही केली नाही.

रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू चालतं. बायका येतात, त्यांना हळदीकुंकू लावून काहीतरी वस्तू द्यायची, त्याला वाण लुटणं म्हणतात. अक्काने आईला सांगितलं की या वर्षी वाण ती देणार आहे, आणि हेच देणार आहे. आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती अक्काच्या शेजारी बसली आणि हलक्या आवाजात समजावू लागली. सवाष्णी घरात येणार, कुणाला दिवस गेलेले असतील, कुणाची लेकरं लहान. त्यांच्या घरात ही वस्तू जाणार. उद्या कुठे काही झालं तर तुझ्यावर येईल.

"मोहऱ्यांनी दृष्ट निघते, आई," अक्का म्हणाली. "लागत नाही."

आई म्हणाली, मग कुठेतरी वाहत्या पाण्यात सोडून दे.

"तिचं एवढंच आहे माझ्याकडे. तेही सोडू?"

आई उठून आत गेली. संध्याकाळी तिने वाणासाठी ताट घासून ठेवलेलं मी पाहिलं.

त्या दिवशी बायका आल्या. आपल्या मराठी घरांतल्या आणि गल्लीतल्या कन्नडही. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कुणीही त्याबद्दल बोललं नाही. थंडी यंदा फार आहे, अवरेकाईला म्हणावा तसा वास नाही, असं बोलत होत्या. आईने ललितम्माला बोलावलं नव्हतं. ललितम्माला सातवा महिना लागला होता. तिला असं घरी बोलावणं आईला बरं वाटेना, तिच्याचसाठी. अक्कानेही काही विचारलं नव्हतं. पण ती दारातून आली, उंच, हातांत हिरव्या बांगड्या, एक हात पोटावर. मला का नाही बोलावलं, असं तिने कन्नडमध्ये मोठ्याने विचारलं आणि अक्कासमोर बसली.

अक्काने तिला हळद लावली, कुंकू लावलं. ओटी भरली. वाणाच्या ताटाकडे मात्र तिचा हात जाईना. मग ती कन्नडमध्येच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ललितक्का, या मोहऱ्या माझ्या बाळाच्या उशीतल्या आहेत. नको असेल तर घेऊ नकोस. मला वाईट वाटणार नाही."

ज्यांनी आधीच वाण घेतलं होतं त्या हातातल्या उशीकडे बघू लागल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ललितम्माने स्वतः वाकून ताटातली एक उशी उचलली, दोन्ही डोळ्यांना लावली, जसं आपण देवाच्या अंगावरचं फूल लावतो, आणि कमरेला खोचली. मग अक्काचा हात धरून तिने विचारलं, "हेसरु येनु?"

नाव काय.

आमच्या घरात इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्या मुलीला नाव असेल, हे मलासुद्धा सुचलं नव्हतं. अक्का म्हणाली, "कावेरी." या मुलखात जन्माला येणार म्हणून तिने ते ठरवलं होतं, हुबळीत असल्यापासून, दाजींनाही सांगितलं नव्हतं. ते बोलली आणि तिथेच, बायकांच्या मध्ये, ललितम्माच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. ती त्या दिवसापर्यंत रडली नव्हती. कुणी तिला उगी म्हणालं नाही. ललितम्माच्या पोटाला अक्काचं डोकं लागत होतं आणि ललितम्माने ते तिथून हलवलं नाही. कुणीही आपलं वाण ताटात परत ठेवलं नाही.

ललितम्माला मुलगा झाला, धडधाकट. तिच्या खिडकीत मशीनवर आता वांग्याशेजारी हिरवी उशी दिसायची. पुढे दुसऱ्या गल्लीतल्या बायकासुद्धा तशी उशी मागायला येत. अक्का सांगायची, त्या मोहऱ्या संपल्या.

होळीनंतर ती हुबळीला गेली. तिला पुन्हा मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. सासरच्यांनी सुरुवातीला बोलायचं ते बोलून घेतलं, दाजींनी ते आपल्या परीने अडवलं. नंतर तिने घरातच शिवणाचा क्लास काढला. नव्या मुलीला ती आधी सुयांची उशी करायला लावायची, मगच कापडाला हात. मुलींना कंटाळा यायचा. बाई, ब्लाउज कधी शिकवणार, असं विचारायच्या. अक्का म्हणायची, आधी सुईला जागा करा. हुबळीत अशा कितीतरी घरांतून तिच्या मुलींच्या उशा असतील. अक्काला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दाजी तिच्या आधीच गेले.

त्या वाणातली एक उशी तिने मला दिली होती, मी कुमारिका असूनही. ती माझ्याकडे आहे. खण विटून आता हिरवा म्हणायचा इतकंच. मीही जन्मभर कपडे शिवले; पण या उशीवर हात ठेवला की पुष्कळदा काय शिवायचं होतं तेच विसरायला होतं. राजाजीनगरला त्या बाजूला आता शेतं नाहीत. चिंचेचं झाड कुठे होतं ते मी एकदा शोधायला गेले होते. घरांवर घरं उभी आहेत, आणि मला दिशाही ओळखता आली नाही.

पण त्या हिवाळ्याचं एक देणं बाकी होतं आणि ते साठीचं दशक संपता संपता दुसऱ्या एका हिवाळ्यात फिटलं. आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं आधी गेलं होतं, मग हळूहळू, अडखळत परत आलं. अक्का हुबळीहून तिची सेवा करायला आली आणि पूर्ण थंडीभर राहिली. ते प्रश्न विचारणं अक्काने केव्हाच सोडून दिलं होतं. त्या दोघींत एरवी सगळं ठीक होतं. तेवढी एक जागा दोघी टाळून चालत.

दुपारची वेळ होती. आईला अंगणात उन्हात बसवलं होतं आणि अक्का मागे बसून तिचे केस विंचरत होती. मी दाराशी शेंगा सोलत होते.

"कावेरीला मी आंघोळ घातली होती," आई म्हणाली.

ते नाव आईच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. अक्काचा फणीचा हात थांबला.

आई एकेक शब्द शोधत सांगत राहिली. नर्सबाई म्हणत होती लवकर करा, अण्णा बाहेर उभे होते. मी म्हटलं, अशी कशी पाठवायची पोरीला. पाणी कोमट केलं. केस होते भरपूर, काळे, ओले झाल्यावर कपाळाला चिकटले ते मी मागे सारले. हनुवटी तुझी. बोटं लांब होती, अण्णांसारखी. कान एवढाले, मऊ. झोपल्यासारखीच दिसत होती. मग अंग पुसलं. तू शिवलेलं झबलं घातलं, टोपडं बांधलं, दुपट्यात घेतलं. धोतर वरून गुंडाळलं, रस्त्याने कुणाला दिसू नये म्हणून. तुला दाखवायला हवी होती, सुमी. मला वाटलं, तू विसरशील.

अक्का आईच्या पाठीमागे होती. तिचं तोंड फक्त मला दिसत होतं. इतकी वर्षं तिच्या डोळ्यांपुढे उघडं अंग आणि एक धोतर एवढंच असणार. तिने फणीतले केस काढले, बोटाला गुंडाळले आणि हळूच विचारलं,

"झबलं नीट बसलं का गं तिला?"

"थोडं सैल झालं," आई म्हणाली.

"वाढत्या अंगाचं शिवलं होतं," अक्का म्हणाली, आणि पुन्हा आईचे केस विंचरू लागली.